निरोप न पोचलेले चाळीस तास

2014 चा ऑक्टोबर महाराष्ट्राच्या लक्षात आहे तो विधानसभेच्या निवडणुकीमुळे. 15 तारखेला मतदान होतं. पाथरी, मानवत, सोनपेठ या पट्ट्यात प्रचाराच्या गाड्या गल्लोगल्ली फिरत होत्या. पावसानं त्या वर्षी मराठवाड्याला दगा दिला होता आणि शेतकऱ्याचं चित्त सोयाबीनच्या काढणीत होतं. नेमक्या त्याच दिवसांत नेपाळमधल्या अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या परिसरात बर्फाच्या वादळानं किमान 43 माणसं मारली. आपल्याकडे त्याची फारशी आठवण राहिली नाही.

ती राहायला हवी होती. एक तर त्यांतली बरीच माणसं जिथं गेली तो उतार मुक्तिनाथच्या डोक्यावरचा. मराठवाड्यातून दरवर्षी यात्रेच्या बसा भरून लोक पोखरा, जोमसोम करत मुक्तिनाथला जातात. आपल्या देवघरातला शाळिग्रामही तिथूनच खाली वाहणाऱ्या काली गंडकीच्या पात्रातला असतो. दुसरं म्हणजे बर्फातला मृत्यू परभणी जिल्ह्याला अनोळखी नाही. जानेवारी 2017 मध्ये काश्मीरच्या माछिल भागात बर्फाखाली वाट खचली आणि पाच जवान गाडले गेले. पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं, पण हवेमुळे हेलिकॉप्टर पोचायला दोन दिवस गेले. श्रीनगरला नेल्यावर पाचही जण गेले. त्यांतला एक आपल्या जिल्ह्यातला होता. आणि आता इथल्या कॉलेजातली पोरंसुद्धा डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला जायला लागली आहेत.

2014 चं हे वादळ म्हणजे ध्यानीमनी नसताना कोसळलेलं संकट नव्हतं. ते येत होतं, दिसत होतं, त्याला नावही होतं. खिंडीखाली झोपलेल्या माणसांपर्यंत त्याचा निरोप तेवढा गेला नाही.

वाट आधी समजून घेऊ. वादळात सापडलेली बहुतेक माणसं अन्नपूर्णेला वळसा घालणाऱ्या ट्रेकवर होती. हा ट्रेक पूर्वेकडून, मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्यातून वर चढतो. मनांग हे मोठं गाव 3,540 मीटरवर. तिथून दोन-तीन दिवसांत थोरोंग फेदी, मग त्याच्या वर हाय कॅम्प, सुमारे 4,900 मीटरवर. त्यापुढे थोरोंग ला, म्हणजे खिंड, 5,416 मीटर. पलीकडे सुमारे 1,600 मीटरचा सलग उतार आणि खाली मुक्तिनाथ. खिंडीच्या दोन्ही अंगांना मिळून हा सगळा टप्पा एका दिवसात उरकावा लागतो, कारण मध्ये मुक्काम करण्याजोगी जागाच नाही. ऑक्टोबरमध्ये आभाळ निळंशार असतं म्हणून जगभरातून लोक याच महिन्यात येतात. दोराची, बर्फकुऱ्हाडीची गरज पडत नाही. म्हणून ज्यांनी आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवलेला नाही, असेही या वाटेवर भरपूर.

रविवार, 12 ऑक्टोबर, दुपारी 12

हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 170 ते 180 किलोमीटर. विमानतळाचं छत उडालं, हवामान खात्याचं तिथलं रडारही निकामी झालं. पण वादळ येण्याआधीच आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून लाखो लोकांना हलवलेलं होतं. अंदमान ओलांडून ते बंगालच्या उपसागरात शिरल्यापासून भारतीय हवामान खातं त्याच्या मागावर होतं. कुठं धडकेल, कधी धडकेल, हे आधी सांगितलं गेलं आणि तसंच घडलं. साठाच्या आसपास माणसं तरीही दगावली. सूचना मिळाली नसती तर किती गेली असती, याचा विचारही करवत नाही.

नकाशावर विशाखापट्टणमवर बोट ठेवा आणि जवळपास सरळ उत्तरेला सरकवत न्या. सुमारे बाराशे किलोमीटरवर थोरोंग ला लागते.

बरोबर एक वर्षापूर्वी, 12 ऑक्टोबर 2013 ला, फायलिन वादळ ओडिशात गोपाळपूरला आलं होतं आणि त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी नेपाळच्या डोंगरांत बर्फ टाकलं होतं. म्हणजे उपसागरातलं वादळ हिमालयापर्यंत पोचतं, याचा दाखला जेमतेम वर्षभर जुना होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

रविवार, संध्याकाळ

मनांगमध्ये हवा चांगली होती. उंचीची सवय व्हावी म्हणून ट्रेकर इथं एक दिवस जास्त थांबतात. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात इथं चालतो. उंचीवर डोकं का दुखतं, फुप्फुसात पाणी का होतं, कधी खाली उतरायचं, हे डॉक्टर रोज समजावून सांगतात. विरळ हवेपासून वाचवायची व्यवस्था अशी पक्की होती. येणाऱ्या वादळाची खबर लॉजालॉजात पोचवणारी व्यवस्था मात्र नव्हती. नेपाळच्या हवामान विभागाकडे पावसाचा आणि बर्फाचा अंदाज होता. तो काठमांडूतून निघून वाटेवरच्या माणसाच्या कानापर्यंत जाईल, असा रस्ताच कुणी बांधलेला नव्हता.

आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला निघतो. पाऊस येणार असेल तर काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा, फवारणी पुढं ढकला, असा साधा मजकूर असतो. शेतकरी त्यावर नेहमी विश्वास ठेवतो असं नाही, पण मजकूर त्याच्या हातात पडतो. झाकायचं की नाही, हे मग तो ठरवतो. ठरवायची ही संधी फेदीतल्या माणसांना मिळाली नाही.

सोमवार, 13 ऑक्टोबर, सकाळ

जमिनीवर आल्यावर चक्रीवादळाचा जोर ओसरतो, कारण त्याला पोसणारं समुद्राचं गरम पाणी तुटतं. हुदहुदचंही तसंच झालं. छत्तीसगडवर येईपर्यंत त्याचं रूपांतर कमी दाबाच्या पट्ट्यात होऊ लागलं. बातम्यांच्या लेखी वादळ संपलं. महाराष्ट्रात प्रचाराचा शेवटचा दिवस होता.

वारा संपला तरी ओल संपत नाही. समुद्रावरून उचललेलं अफाट बाष्प त्या ढगांत तसंच होतं आणि ते उत्तरेला सरकत होतं. वर, हिमालयाच्या अंगानं, पश्चिमेकडून थंड हवेचा झोत येत होता. गरम, ओली हवा आणि ही थंड हवा डोंगराला टेकून भेटली की ओली हवा उचलली जाते, थंडावते आणि सगळं पाणी तिथंच टाकते. उत्तर प्रदेशात आणि नेपाळच्या तराईत ते पाऊस म्हणून पडतं. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे पाच हजार मीटरवर तेच पाणी बर्फ होतं.

सोमवार, दुपार ते रात्र

दुपारनंतर ढग आले. मनांगकडून येणाऱ्या तुकड्या फेदीत आणि हाय कॅम्पवर पोचत होत्या. हंगाम भरात, खोल्या भरलेल्या. अशा ठिकाणी संध्याकाळ सगळी जेवणाच्या खोलीत जाते, कारण ऊब तिथंच असते. ओले मोजे वाळत घातलेले, चहाचे थर्मास, दालभाताच्या ताटांची ये-जा. पहाटे निघायचं म्हणून हिशेब रात्रीच चुकता करायचा आणि आठच्या सुमाराला अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचं.

रात्री बर्फ सुरू झालं.

इथं थांबायला हवं होतं, हे आज घरात बसून म्हणणं फार सोपं आहे. त्या जागी असलेल्या माणसाचा विचार करा. आठ-दहा दिवस चालून तो इथवर आलाय. जोमसोमहून विमान ठरलंय, रजा संपत आलीय. ऑक्टोबरात थोडं बर्फ भुरभुरणं नवलाचं नाही, उद्या उघडेल असं वाटतं. खालून नव्या तुकड्या येत आहेत, लॉजमध्ये जागा नाही. बाकीचे निघताहेत हे पाहिलं की आपणही निघतो. मागं राहणारा भित्रा ठरतो, ही भावना डोंगरात फार माणसं मारते. अनुभवी माणसंही यातून सुटत नाहीत. ऑक्टोबर 2021 मध्ये हिमाचलात रोहडूकडून किन्नौरच्या बुरुआ गावाकडे खिंड ओलांडून निघालेल्या 13 जणांच्या तुकडीतले महाराष्ट्रातले तीन ट्रेकर थंडीनं गेले. साठीच्या आसपासची माणसं होती ती. दहा जणांना भारत-तिबेट सीमा पोलिसांनी वाचवलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात शेजारच्या उत्तराखंडात रेड अलर्ट लागून गेला होता.

आणि हे सगळे विचार करताना एक गोष्ट त्या लॉजमध्ये कुणालाच माहीत नव्हती. बाहेर पडतंय ते हंगामातलं भुरभुरणं बर्फ नाही, काल दुपारी विशाखापट्टणमला धडकलेलं वादळ आहे, ही ती गोष्ट. हे एक वाक्य कुणी भिंतीवर लिहून ठेवलं असतं, तर भित्रा कोण आणि शूर कोण हा प्रश्नच उरला नसता.

मंगळवार, 14 ऑक्टोबर, पहाटे 4

वादळ धडकल्याला चाळीस तास झाले होते. डोक्यावरच्या बॅटऱ्या लावून रांगा निघाल्या. खिंडीत सकाळी दहानंतर वारा भणाणतो, म्हणून अंधारातच चढायचं, हा इथला जुना नियम. एरवी तो जीव वाचवतो. आज त्याच नियमानं शेकडो माणसं वादळाच्या तोंडी दिली.

बर्फ पडतच होतं. काही जण लॉजमध्येच थांबले, काही अर्ध्या वाटेतून मागं वळले. ते वाचले.

सकाळी 7

थोरोंग लाच्या चढावर एक छळवाद आहे. समोर उंचवटा दिसतो, खिंड आली असं वाटतं, वर गेलं की त्याच्यापुढे दुसरा उंचवटा. उजेडात, उन्हातसुद्धा त्यानं माणूस खचतो. हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, दहा पावलांना एकदा थांबावं लागतं. त्यात आता बर्फ गुडघ्याला लागायला लागलं होतं. पुढच्यानं पाडलेली पावलं मागचा येईपर्यंत बुजत होती.

ट्रेकरच्या अंगावर निदान जॅकेट तरी चांगलं होतं. पाठीवर वीस-पंचवीस किलोचं ओझं घेऊन चालणाऱ्या नेपाळी भरियांतल्या कित्येकांच्या पायात साधे कापडी बूट होते.

सकाळी 9 ते 11

खिंडीत रंगीत पताका, एक फलक आणि दगडी भिंतींची चहाची छोटी टपरी आहे. एरवी इथं फोटो काढायचे, महागडा चहा घ्यायचा आणि उतरायला लागायचं. त्या सकाळी त्या एवढ्याशा खोलीत माणसं कोंबली गेली. बाहेर वारा वाढला होता. आभाळ आणि जमीन यांतला फरक मिटला होता. दोन्ही सारखीच पांढरी, सावली नाही, चढ-उताराचा अंदाज नाही. गिर्यारोहक याला व्हाइटआउट म्हणतात. त्यात माणूस स्वतःच्या पायाखालचा उतारही ओळखू शकत नाही.

आत थांबायचं की खाली निघायचं? दिवसातला सर्वांत मोठा निर्णय इथं झाला. वाचलेल्या अनेकांनी पुढं सांगितलं की टपरी चालवणारा खाली निघाला, त्याला वाट माहीत आहे म्हणून बरेच जण त्याच्या मागं गेले, आणि थोड्याच वेळात रांग तुटली. पुढचा दिसेना, मागच्याची हाक ऐकू येईना. काही जण टपरीत परत आले किंवा तिथंच राहिले.

त्या टपरीवाल्यावर खापर फोडणाऱ्या बातम्या तेव्हा बऱ्याच आल्या. मला ते पटत नाही. रोजच्या हवेत ती वाट त्याला डोळे मिटून माहीत असेल, पण असली हवा ऑक्टोबरात त्या वाटेवर सहसा येत नव्हती. शिवाय टपरीत सरपण किती, पाणी किती, शंभर माणसं रात्रभर कशी राहणार, हाही हिशेब होताच. कमी वाईट काय, एवढंच तो निवडत होता, आणि त्याच्याजवळही तीच माहिती नव्हती जी इतर कुणाजवळ नव्हती. हे बर्फ दुपारी थांबणार नाही हे कळलं असतं, तर दाटीवाटीत, उपाशी, एकमेकांना टेकून रात्र काढायची, हाच निर्णय झाला असता. जे थांबले त्यांनी तेच केलं.

दुपारी 12 ते 4

मुक्तिनाथच्या बाजूचा उतार सुरुवातीला रुंद आणि उघडा आहे. वाट दाखवणारे खांब असतात, पण पाच पावलांपलीकडचं दिसत नसताना पन्नास पावलांवरचा खांब काय कामाचा? काही ठिकाणी बारा तासांत सहा फुटांच्या आसपास बर्फ पडल्याचं नंतर सांगितलं गेलं. कमरेएवढ्या बर्फात माणूस चालत नाही, तो छातीनं रेटत पुढं सरकतो. घाम येतो, घामानं आतले कपडे ओले होतात, बाहेरून बर्फ वितळून ओलावा आत शिरतो. ओलं कापड कोरड्याच्या कित्येक पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं.

पुढचं हळूहळू होतं, म्हणूनच ते जास्त घातक. आधी बोटं जातात. जॅकेटची चेन लावता येत नाही म्हणून हातमोजा काढायचा, तेवढ्यात बोटं आणखी बधिर होतात, मग हातमोजा परत घालता येत नाही. शरीराचं तापमान 35 अंशांखाली आलं की बोलणं जड होतं, पाय अडखळतात, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. 32 च्या खाली गेलं की थरथर थांबते. सोबत्याला वाटतं, बरा झाला. खरं तर शरीरानं हात टेकलेले असतात. या टप्प्यावर काहींना भयंकर उकडल्यासारखं वाटतं आणि ते स्वतःच्या हातानं कपडे काढून टाकतात. बर्फात सापडलेल्या माणसांच्या अंगावर जॅकेट का नव्हतं, याचं कारण अनेकदा हेच असतं. बाकीचे फक्त बसतात. दोन मिनिटं टेकतो, म्हणतात. सोबतच्यांपुढे मग प्रश्न येतो की त्याला ओढत न्यायचं की स्वतः चालत राहायचं. वाचून परत आलेल्यांपैकी ज्यांना तो प्रश्न पडला, त्यांना तो जन्मभर पुरेल.

याच दिवशी धौलागिरीच्या तळछावणीवर हिमकडा कोसळून दोन स्लोव्हाक गिर्यारोहक आणि तीन नेपाळी गेले. मनांग जिल्ह्यात याक चारणारे तीन गुराखी बर्फाखाली सापडले. त्यांना ना खिंड ओलांडायची होती ना विमान गाठायचं होतं, ते रोजच्या कामावर होते.

मंगळवार, रात्र

टपरीत राहिलेल्यांनी एकमेकांना झोपू दिलं नाही. कुणी डुलकी काढली की हलवायचं, हातपाय चोळायचे, बोलत ठेवायचं. उतारावर अडकलेल्यांतल्या काहींनी बर्फात खड्डा करून, एकमेकांना चिकटून रात्र काढली. जे संध्याकाळपर्यंत मुक्तिनाथला पोचले, ते आपल्या तुकडीतली माणसं मोजत बसले.

बुधवार, 15 ऑक्टोबर, सकाळ

हवा निवळली. जोमसोमच्या बाजूनं नेपाळी सैन्याची हेलिकॉप्टरं उडाली, मुक्तिनाथचे गावकरी, गाइड आणि सैनिक पायी वर निघाले. पांढऱ्या उतारावर रंगीत ठिपके दिसत होते. काही हात हलवत होते, काही हलत नव्हते. इकडे महाराष्ट्रात मतदान सुरू होतं.

पुढच्या काही दिवसांत पाचशेहून अधिक लोकांना सुखरूप खाली आणलं गेलं. नेपाळच्या ट्रेकिंगच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुटका मानतात, आणि तिच्यात सैन्याइतकाच नेपाळच्या ट्रेकिंग एजन्सी संघटनेच्या माणसांचा हात होता. दगावलेल्या 43 जणांपैकी निम्म्याच्या आसपास परदेशातून आलेले ट्रेकर होते. इस्रायल, कॅनडा, पोलंड, भारत आणि इतर देशांचे.

तेव्हाचे पंतप्रधान सुशील कोइराला यांनी हवामानाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभारण्याचं जाहीर केलं. गाइडशिवाय ट्रेकला बंदी घालायची चर्चा लगेच सुरू झाली. तो नियम सरकारनं लागू केला 2023 मध्ये, आणि त्यावर वाद अजून चालू आहेत. माझ्या मते गाइड असण्या-नसण्यावर सगळा भर देणं ही चुकीच्या जागी केलेली मलमपट्टी होती. मेलेल्यांत गाइडही होते. त्यांना वाट माहीत होती, आभाळाचं कळलेलं नव्हतं.

आणि आकड्याबद्दल एक गोष्ट. परदेशी ट्रेकरचं परवानापत्र असतं, चौकीवर त्याचं नाव, देश, तारीख लिहिली जाते. म्हणून कोण आलं आणि कोण खाली उतरलं नाही, हे ताडून पाहता आलं, दूतावासांना याद्या देता आल्या. ओझी वाहणाऱ्या भरियांची अशी पक्की नोंद नव्हती. हंगामापुरते खालच्या गावांतून आलेले, आज या तुकडीबरोबर, उद्या त्या. त्यांच्यापैकी कोण वर गेलं होतं हे कळायला त्यांच्या घरून कुणीतरी विचारत यावं लागलं. म्हणून 43 या आकड्याआधी मी 'किमान' लिहिलं आहे.